म्हसोबाखालची माती

शिशाच्या भट्टीतला म्हसोबा खरा की खोटा, हे तालुक्यात दोनच माणसांना पक्कं ठाऊक होतं. त्यातला एक त्या म्हसोबाचा पुजारी आणि दुसरा मुसलमान. आता सांगा, विचारणार कोण आणि सांगणार कोण!

पुजारी म्हणजे राधाकिशन. वय सहासष्ट, अंगानं काटक, बोलायला तुसडा, पण देवाचा माणूस म्हणून गावात मान. गावाबाहेर बीडकडं जाणाऱ्या रस्त्याला ती भट्टी होती. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या तिथं फोडायचे, आतलं तेजाब नालीत ओतायचे आणि प्लेटा वितळवून शिशाच्या विटा पाडायचे. राधाकिशन सोळा वर्षं त्या भट्टीच्या तोंडाशी उभा राहिला. भट्टी बंद पडली त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. पत्रे लोकांनी नेले, दारं-खिडक्या नेल्या. उरल्या चार पडक्या भिंती, एक धुराडं आणि मागच्या मोकळ्या अंगणात शेंदूर फासलेला एक दगड. त्या दगडाची दिवाबत्ती राधाकिशन करायचा.

गाव वाढत वाढत भट्टीला येऊन भिडलं, तेव्हा नगरपंचायतीला ती पाच एकर जागा दिसली. तिथं घरकुलं बांधायची, बाग करायची, अंगणवाडी काढायची असा बेत ठरला. पण कारखान्याची जागा आहे, आधी माती तपासा आणि मग बांधा, असा वरून हुकूम आला. नवल म्हणजे तपासायला सरकारनं पैसेही पाठवले. माती बघायला पैसे! गावाला हसू आवरेना. घरकुलाच्या यादीत राधाकिशनाच्या पोराचं, अंगदचंही नाव होतं. अंगद ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. त्याची बायको वनमाला आणि सात वर्षांची पोर सायली म्हाताऱ्याजवळ एका खोलीत. तेव्हा ती जागा लवकर मोकळी व्हावी असं राधाकिशनालाही वाटतच होतं.

शनिवारी सकाळी रविराज नावाचा इंजिनिअर यंत्रं घेऊन आला. पोरगा तिशीचा, संभाजीनगरचा, बोलायला गोड. त्यानं भट्टीच्या जुन्या कामगारांना बोलावून घेतलं. उरले होते किती, तर पाच. बाकीचे साठीच्या आतच गेले होते, पण ते कुणी कधी मनावर घेतलं नव्हतं. पाचातला जाकीर आजारी म्हणून आला नाही. चौघं लिंबाखाली बसले.

“काका, नकाशात मला भिंती दिसतात, जमिनीखालचं दिसत नाही,” रविराज म्हणाला. “शिसं वितळवल्यावर जी काळी घाण निघायची, कीट म्हणता ना तुम्ही, ते भट्टी बंद करताना कुठं टाकलं? तेजाबाचा गाळ कुठं पुरला? कुणाला आठवतंय का? बारा भोकं पाडायला मंजुरी आहे, तेरावं मला पाडता येणार नाही. म्हणून विचारतो. बाराही योग्य जागी पडली पाहिजेत.”

तिघांनी माना हलवल्या. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. शेवटच्या दिवसांत ते कामावर नव्हतेच. चौथ्या राधाकिशनानं मिठाची गुळणी धरली. बराच वेळ धरली आणि मग बोलला ते भलतंच.

“साहेब, तेवढी आमच्या म्हसोबाची जागा सोडा. चारी अंगांनी वीस-वीस फूट. देवाला भोक पाडू नका.”

“नाही पाडणार काका. देवस्थानाला आम्ही हात लावत नाही.” रविराजनं नकाशावर पेन्सिलीनं गोल काढला. “आणि तुमच्या देवाच्या शेजारीच अंगणवाडी येतेय बघा. मोकळी जागा आहे, लेकरं देवापाशी खेळतील.”

बाकीचे तिघं म्हणाले, “लई ब्येस.” राधाकिशननंही मान डोलावली. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं त्याला. अरे राधाकिशना, तो धोंडा उतरून कुणाच्या छातीवर बसला, एवढं तरी बघायचंस!

त्या देवाची गोष्ट अशी. भट्टीवर प्रदूषणवाल्या सरकारी साहेबांचा दाब यायला लागला तेव्हा मालकानं एका आठवड्यात गाशा गुंडाळला. जाताना राधाकिशन आणि जाकीरला बोलावलं आणि सांगितलं, मागच्या अंगणात खड्डा घ्या आणि सगळं आत ढकला. दोघांनी तीन दिवस खपून पुरुषभर खोल खड्डा घेतला. कीट, गाळ, फुटक्या बॅटऱ्यांची टरफलं, सगळं आत लोटलं आणि वर दोन वीत मुरूम पसरला. आठ दिवसांत तिथं साचलेलं पाणी पिऊन वस्तीतल्या दोन शेळ्या तडफडून मेल्या. बाया मुरूम न्यायला टोपल्या घेऊन यायला लागल्या. तेव्हा दोघांच्या पाचावर धारण बसली.

“पाटी लावू,” राधाकिशन म्हणालता.

“कोण वाचतंय बे पाटी?” जाकीर म्हणाला. “काटं लावली तर जळणाला नेतील. तार लावली तर तार नेतील. देव बसव. देवाखालची माती कुणी उकरत न्हाई.”

“तुझ्यातला का माझ्यातला?”

“पीर बसवला तर उद्या दहा जण कागद मागतील. तुमचा म्हसोबा बरा, त्याला ना कागद लागतो ना छप्पर. दगड अन् शेंदूर, झालं काम.”

दोघं पोट धरून हसले. मग जाकीरनं नदीतून एक गोल दगड खांद्यावर आणला, राधाकिशननं त्याला शेंदूर फासला आणि दोघांनी मिळून तो खड्ड्याच्या बरोबर मध्यावर रोवला. आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून एकाही बाईनं तिथं टोपली टेकवली नाही. दोघांनाही आपल्या अकलेचं लई कौतुक वाटलं.

पण देव एकदा बसला की तो बसवणाऱ्याचं ऐकतो होय? महिनाभरात वस्तीतल्या सुभद्राबाईची हरवलेली म्हैस सापडली आणि तिनं नारळ फोडला. वर्षाच्या आत अवसेला गर्दी व्हायला लागली. पूजेला कुणीतरी पाहिजे म्हणून राधाकिशन उभा राहिला. काम सुटलेलं होतंच, मान मिळाला. सुरुवातीला तो उदबत्तीची राख अंगारा म्हणून द्यायचा. एका अवसेला राख संपली. एका बाईनं दगडाच्या बुडातली चिमूटभर माती घेतली, तापलेल्या पोराच्या जिभेवर ठेवली आणि पोराचा ताप उतरला. तिथून मातीच सुरू झाली आणि वरचा मुरूम चिमटी-चिमटीनं संपत गेला. राधाकिशन तेव्हा थांबवू शकला असता. पण थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं आणि कारण सांगायचं तर खड्डा सांगावा लागला असता. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता वर्षं गेली. लोकांचे हात जोडलेले बघून बघून, हा दगड आपणच रोवलाय हे तो स्वतःच विसरत गेला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण इथं मारुती करणाराच मारुतीच्या पाया पडायला लागला. वनमालाला दिवस गेले आणि माती खायचे डोहाळे लागले, तेव्हा सासऱ्यानं आपल्या हातानं देवाची माती पुडीत बांधून आणून दिली. भलतीसलती माती कावून खायची, म्हणाला.

रविवारी दिवस कलताना तो सायलीला घेऊन म्हसोबाला आला. हा रोजचा शिरस्ता. पोर दिसायला नक्षत्रासारखी, पण अंगावर तेज नाही. सारखं पोट दुखायचं. दुसरीत होती पण अक्षर कळत नव्हतं. बाई म्हणायच्या घोकून घ्या, आणि घोकलेलं सकाळी पुसलेलं. धर्मापुरीची तिची आजी म्हणायची दृष्ट लागलीय. एकदा कपिलधारला नेऊन धबधब्याखाली आंघोळ घातली. काही फरक नाही. मग राधाकिशननं ठरवलं, आपल्या देवाचा अंगारा रोज द्यायचा. खंड पडू द्यायचा नाही. दोन वर्षं झाली, एक दिवस चुकला नव्हता.

“सायले, आ कर.”

पोरीनं डोळे मिटले, जीभ बाहेर काढली. राधाकिशननं दगडाच्या बुडातली माती चिमटीत घेतली आणि जिभेवर ठेवली.

“काय चारतो बे तिला?”

मागं जाकीर उभा होता. काठी टेकत आला होता. त्याचा उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता. तीन-चार वर्षांपासून तो हात वर उचलला जात नव्हता. बाजारात त्याचं पंक्चरचं दुकान होतं, तेही त्यामुळं बंद झालेलं.

“अंगारा हाय,” राधाकिशन म्हणाला.

“इथली माती?” जाकीरचा आवाज चिरला. तो कधी पूजेच्या वेळेला इकडं फिरकत नसे, त्याला मातीचं ठाऊकच नव्हतं. “राधाकिशन, इथली? पोरी, थूक. थूक पहले!”

सायली घाबरून आजोबाच्या धोतराला चिकटली. माती केव्हाच गिळून झाली होती.

“पोरीला भेदरवू नको. जा सायले, घरी जा,” राधाकिशन म्हणाला. ती गेल्यावर तो जाकीरवर उखडला. “काय लावलंय? पंचवीस वर्षं झाली. काय राहिलं असंल खाली?”

“शिसं कुठं जातंय? शिसं काय पाहुणा हाय, दोन दिस राहून उठून जायला?” जाकीरनं लोंबता हात डाव्या हातानं धरून वर केला. “हे बघ. बीडच्या डॉक्टरनं परवा सांगितलं, शिशाचं काम केलं होतं का म्हणून. मी तर नुसतं हाताळलं. तू खायला घालतो. त्या इंजिनिअरला सांग. मी सांगायला निघालतो, पण मी सांगितलं तर गाव काय म्हणंल? जाकीरनं देव उठवला. तूच सांगायला पायजे.”

राधाकिशनाच्या डोक्यात सणक गेली. खरं बोललेलं झोंबतं म्हणतात ते असं. जे बोलू नये ते त्याच्या तोंडून गेलं.

“आमच्या देवातलं तुला काय कळतंय? तू तुझं मशिदीत बघ.”

 पन्नास वर्षांत हे वाक्य दोघांमध्ये कधी आलं नव्हतं.

“दगड मी उचलून आणलता राधाकिशन,” जाकीर हळू म्हणाला. “ह्याच हातानं.” आणि काठी टेकत निघून गेला.

राधाकिशनाला वाटलं, हाक मारावी. पण हाक काही निघाली नाही. तसा तो आयुष्यभर बोलायच्या वेळी गप्प बसणारा आणि नको त्या वेळी बोलणारा माणूस.

सोमवार, मंगळवार यंत्र धडधडत राहिलं. लोखंडी पाइप जमिनीत घुसायचा, आत मातीची लांब कांडी घेऊन वर यायचा. रविराजकडं बंदुकीसारखं एक यंत्र होतं. ते मातीवर टेकवायचं, घोडा दाबायचा, अर्ध्या मिनिटात पडद्यावर आकडा. मंगळवारी संध्याकाळपर्यंत अकरा भोकं झाली. भट्टीच्या तोंडाशी शिसं निघालं, बाकी ठिकाणी थोडंथोडं.

“वरची फूटभर माती काढून नेली की भागेल,” रविराज खुशीत म्हणाला. “घरकुलाचं काम दिवाळीनंतर सुरू होईल काका. उद्या बारावं भोक रस्त्याच्या कडेला मारतो आणि निघतो.”

राधाकिशनाला आनंद व्हायला पाहिजे होता. पण रविवारपासून जाकीरचा तो लोंबता हात सारखा डोळ्यांपुढं यायचा. बुधवारी भल्या सकाळी त्यानं दगडाच्या बुडातली माती कागदाच्या पुडीत बांधली, रोज बांधायचा तशीच, आणि रविराजपुढं जाऊन उभा राहिला.

“साहेब, ही आमच्या शेतातली माती. जरा बघता का? पीक येत न्हाई धड.”

खोटं बोलायची सवय म्हणजे खरूज. एकदा लागली की खाजवतच बसायचं. रविराज हसला, पुडी पसरली, यंत्र टेकवलं, घोडा दाबला. पडद्याकडं बघितलं. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पार गेलेलं होतं.

“काका, कुठलं शेत हे?”

“कावून?”

“आकडा चार-पाचशेवर गेला तरी आम्ही लेकरांना त्या मातीत खेळू देत नाही. हा तीस हजाराच्या वर आहे. ही शेताची माती नाही, काका. हे जवळजवळ तुमचं कीटच आहे.” तो राधाकिशनाकडं टक लावून बघायला लागला. “लेकरं जातात का तिथं?”

“गेली तर... काय होतं?”

“पोट दुखतं. रक्त कमी होतं. आणि डोकं. पोर हुशार जन्मली तरी मागं पडत जाते. बोलायला, वाचायला, आकडे शिकायला जड जातं. लहानपणी गेलं ते मग परत येत नाही.”

 पोट दुखतं. वाचायला जड जातं. हा पोरगा त्याच्या घरात कधी आला नव्हता, त्यानं सायलीला बघितलंही नव्हतं, आणि तरी तो सायलीबद्दलच बोलत होता. ज्या दुखण्यावर दोन वर्षं औषध दिलं ते दुखणंच त्या औषधाचं होतं, आणि तेही वनमालाला दिलेल्या पहिल्या पुडीपासून. एक दिवस चुकवला नव्हता त्यानं. ज्वराचा दिवस असो, परगावचा असो, पुडी बरोबर असायची. लोक देवधर्मात हयगय करतात आणि वाचतात. यानं हयगय केली नाही, हेच पोरीच्या मुळावर आलं.

“काका, पाणी आणू का?”

“पहार हाय का तुमच्याकडं?” राधाकिशन म्हणाला.

त्यानं पहार घेतली आणि म्हसोबापुढं जाऊन उभा राहिला. चपला काढल्या नव्हत्या. हे आधी सुभद्राबाईनं बघितलं. ती नळावर पाणी भरायला आली होती. तिच्यामागनं वस्तीतल्या आठ-दहा बाया धावत आल्या.

“ओ राधाकिशनभाऊ! डोस्कं फिरलं काय? देवाला पहार लावता?”

“देव न्हाई ह्यो, सुभद्राबाई.”

“तोंड आवरा!”

“न्हाई म्हणतो ना मी!” राधाकिशन ओरडला. आवाज फाटला त्याचा. “मी बसवलाय. खाली भट्टीचं विष पुरलंय, मी पुरलंय माझ्या हातानं. तुमी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला. अन् मग तुमी त्याला नारळ फोडायला लागल्या, अन् मला ग्वाड वाटलं. खरं सांगायची हिंमत झाली न्हाई माझी. तुमी माती नेत गेल्या अन् मी देत गेलो. ती माती विष हाय बायांनो. लेकरांना चारू नका. घरी पुड्या असतील त्या फेका.”

 सुभद्राबाईनं कडेची घागर खाली ठेवली. तिचा नातू पाच वर्षांचा, अजून चार शब्द धड जोडून बोलत नव्हता. दर रविवारी ती त्याला घेऊन यायची.

“माझ्या लेकराला तूच दिलीस की रे,” ती म्हणाली. अहो-जाहो गळून पडलं. “परवा मी एकच चिमूट मागितली तर म्हणालास, दोन घे.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दगड मारला असता तरी त्यानं खाल्ला असता. ती नुसती घागर उचलून घराकडं निघाली, आणि थोडं गेल्यावर पळायला लागली. घरातल्या पुड्या आठवल्या असाव्यात.

राधाकिशननं पहार दगडाखाली घातली. पंचवीस वर्षांच्या शेंदरानं दगड जाड झाला होता, हलेना. त्यानं मान वर केली. पडक्या भिंतीपलीकडं, रस्त्यावर, जाकीर काठीला टेकून उभा होता. गलका ऐकून आला होता, पण आत येत नव्हता. यायचा कसा? राधाकिशननंच तर त्याला हद्द दाखवली होती.

“जाकीर,” राधाकिशननं हाक मारली. “मी बोललो ते चुकलं. ये बे. मला एकट्याला उचलत न्हाई.”

“माझ्या हातात काय राहिलंय?”

“तरी ये.”

जाकीर आला. हात उपयोगाचा नव्हता म्हणून त्यानं पहारीला खांदा लावला. दोघं म्हातारे धापा टाकत, एकमेकांकडं न बघता रेटत राहिले. दगड कलला आणि आडवा झाला. बसवताना हसले होते. या वेळी जाकीर रडत होता आणि राधाकिशनाला रडूही येत नव्हतं.

रविराजनं बारावं भोक तिथं पाडलं. पाइप वर आला तो खालपर्यंत काळा, आणि तेजाबाचा वास असा सुटला की यंत्रवाली माणसं तोंडाला रुमाल लावून मागं झाली. रविराजनं नकाशावरचा पेन्सिलीचा गोल खोडला आणि तिथं लाल फुली मारली.

“शनिवारी सांगितलं असतं तर, काका?” त्यानं विचारलं. रागावून नाही, नुसतंच.

“शनिवारचं काय घेऊन बसलात साहेब,” राधाकिशन म्हणाला. “पंचवीस वर्षांत तेराशे शनिवार गेले असतील.”

पुढचं मग भराभर झालं. घरकुलाचं काम थांबलं. आधी खड्डा उपसायचा, ती घाण लांब न्यायची, त्याला वेगळा निधी, तो कधी येईल ते सांगता येत नाही, असं नगरपंचायतीत कळलं. त्यावरनंही लोक राधाकिशनलाच बोलले. देव बी घालवला आणि घर बी घालवलं, म्हणाले. अंगद घरी आला तेव्हा बापाशी एक शब्द बोलला नाही. वनमाला ताट वाढायची पण समोर थांबायची नाही. बीडहून डॉक्टर आले, वस्तीतल्या लेकरांचं रक्त पुण्याला गेलं. कागद आले तेव्हा अकरा लेकरांच्या रक्तात शिसं निघालं. सगळ्यात जास्त सायलीच्या. साहजिकच आहे, बाकीच्यांना आठवड्याला मिळायचं, तिला पुजाऱ्याची नात म्हणून रोज मिळायचं.

डॉक्टरीणबाईंनी वनमालाला समजावून सांगितलं. गोळ्या देऊ, दूध-अंडी-पालेभाजी द्या, पोटदुखी कमी होईल, रक्त सुधारेल. मागं पडलेलं किती भरून निघेल ते सांगता येत नाही, पण आता पुढं वाढू नये एवढं बघा. राधाकिशन दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. आत यायला त्याला कुणी मनाई केली नव्हती.

महिन्याभरानं भट्टीभोवती तार आली आणि तारेवर पिवळी पाटी लागली. राधाकिशन रोज दिवस कलताना तिथं जाऊन बसायचा. दिवाबत्ती नव्हती, काम नव्हतं, पण एखादी लांबून आलेली बाई चुकून नारळ घेऊन आलीच तर तिला परत लावायला कुणीतरी पाहिजे. कधी जाकीर येऊन शेजारी बसायचा. फारसं कुणी बोलायचं नाही.

एका रविवारी सायली त्याला शोधत आली. तिच्यासोबत शाळेतल्या दोन पोरी होत्या. त्यांना पाटी दिसली. तशा त्या पुढं पळाल्या आणि एका सुरात, बोट फिरवत वाचायला लागल्या, “धो-का! मा-ती-त वि-ष आ-हे! आ-त जा-ऊ न-का!” वाचून झालं आणि त्या खिदळत रस्त्यानं पुढं गेल्या. सायली पाटीपुढं एकटीच उभी राहिली. खालून वर, वरून खाली बघत राहिली. अक्षरांवर बोट ठेवून बघितलं.

“आबा, काय लिव्हलंय?”

 सायलीच्याच वर्गातल्या होत्या त्या पोरी.

“लिव्हलंय की, इथली माती खायची न्हाई. कुणी दिली तरी खायची न्हाई.”

“बरं,” सायली म्हणाली. लई समजूतदार पोर. तिनं दोनदा मान हलवली, सूर्याकडं बघितलं, रोजची वेळ झालेली तिला बरोबर कळली. मग ती आजोबाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.